हार्डरवाइकची पदवी, उट्रेख्तचा ग्रंथ आणि घरची शाळा : परदेशी शिक्षणाचा एक प्रकरण अभ्यास

पूर्व हंगेरीतल्या डेब्रेत्सेन शहरात पिवळ्या रंगाचे एक भव्य चर्च आहे आणि त्याच्या पाठीमागे १५३८ साली सुरू झालेले रिफॉर्म्ड कॉलेज उभे आहे. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन याच्या परंपरेतले, म्हणजेच रिफॉर्म्ड, चर्च या कॉलेजच्या आधाराने चालत आले असून आजही तिथल्या छोट्या ईश्वरविज्ञान विद्यापीठात पाळक आणि प्राथमिक शिक्षक एकाच संस्थेत घडवले जातात. अशा संस्थेत परदेशातून शिकायला जावे का, असा विचार करणाऱ्याच्या मनात साधारणपणे तीन प्रश्न असतात. लहान विद्यापीठाची पदवी मोलाची ठरेल का, शिकण्याची भाषा कोणती असेल, आणि परत आल्यावर या शिक्षणाचे करायचे काय? हे प्रश्न नवे नाहीत. हंगेरियन रिफॉर्म्ड जगाने ते जवळजवळ पाचशे वर्षे सोसले आहेत आणि त्या सगळ्या इतिहासात मला सर्वांत बोलके वाटणारे प्रकरण एका तरुणाचे आहे. तो १६४८ साली ट्रान्सिल्व्हेनियातून (हा प्रदेश आज रुमानियात आहे) नेदरलँड्सला शिकायला गेला, १६५३ साली परत आला आणि त्यानंतर जेमतेम सहा वर्षे जगला. त्याचे नाव आपात्साई चेरे यानोश. हंगेरियन रीतीप्रमाणे आडनाव आधी येते, म्हणून यानोश हे त्याचे पाळण्यातले नाव समजावे.

या लेखात त्यांचे संपूर्ण चरित्र सांगण्याचा हेतू नाही. एका गरीब पण हुशार विद्यार्थ्याला चर्च स्वतःच्या खर्चाने परदेशी पाठवते, तो तिथे पाठवणाऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा कितीतरी अधिक शिकतो, आणि तो परतल्यावर त्याच्या शिक्षणाचे काय करायचे हे पाठवणाऱ्यांनाच उमगत नाही, एवढ्याच परिस्थितीचा हा अभ्यास आहे.

व्यासपीठ आणि फळा

रिफॉर्म्ड परंपरेत पाळकाचे आणि शिक्षकाचे शिक्षण एकत्र का आले, हे आधी पाहिले पाहिजे. प्रत्येक माणसाने, स्त्री असो वा पुरुष, पवित्र शास्त्र स्वतः वाचावे असा या पंथाचा आग्रह होता, त्यामुळे जिथे मंडळी उभी राहिली तिथे शाळा काढणे ओघानेच आले. हंगेरियन भाषेतले संपूर्ण बायबल १५९० साली व्हिझोय या खेड्यात छापले गेले. पण पुस्तक छापून भागत नाही, अक्षर गिरवून घेणारा कोणी तरी लागतो. आपल्याकडे अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगरला मुलींच्या शाळा काढल्या आणि सावित्रीबाई फुले यांनी अध्यापनाचे धडे तिथल्या सिंथिया फॅरार यांच्याकडे घेतले, त्यामागे प्रॉटेस्टंट जगाची हीच वाचनाची ओढ होती. फॅरारबाईंचे मिशन ज्या काँग्रिगेशनल चर्चचे होते तेही कॅल्व्हिनच्याच मुळातून फुटलेले.

हंगेरियन कॉलेजांमध्ये ही सांगड व्यवहारातही उतरली होती. वरच्या वर्गातला विद्यार्थी एखाद्या गावाच्या शाळेचा मुख्य पंतोजी म्हणून दोन-तीन वर्षे काम करी, त्या मिळकतीतून परदेशप्रवासाची गाठ बांधी, मग एखाद्या परदेशी विद्यापीठात जाई आणि परतल्यावर पुन्हा आधी शाळेत व नंतर मंडळीत रुजू होई. नाताळ, ईस्टर आणि पेंटेकॉस्टला विद्यार्थ्यांना गावोगावच्या मंडळ्यांत उपदेश करायला धाडण्याचीही पद्धत होती. उपदेश झाल्यावर मंडळी त्यांच्या शिक्षणासाठी काही रक्कम हातावर ठेवी. ‘लेगात्सियो’ या नावाची ही प्रथा अजून टिकून आहे. शिकवता शिकवता शिकायचे आणि शिकल्यावर पुन्हा शिकवायचे, असा हा फेरा होता.

त्या फेऱ्यातला परदेशाचा टप्पा मात्र हौसेचा नव्हता. १५२६ च्या मोहाचच्या लढाईनंतर हंगेरीचे तीन तुकडे झाले आणि पूर्वेकडचे ट्रान्सिल्व्हेनिया हे ऑटोमन सुलतानाला खंडणी देणारे स्वतंत्र संस्थान बनले. तिथले राजे बहुधा रिफॉर्म्ड पंथाचे असत. गाबोर बेथलेन या राजाने राजधानी द्युलाफेहेरवार येथे १६२२ साली उत्तम कॉलेज काढले आणि जर्मनीतून अल्स्टेड, बिस्टरफेल्ड यांच्यासारखे विद्वान तिथे आणले. तरीही पदवी देण्याचा अधिकार असलेले रिफॉर्म्ड विद्यापीठ देशात नव्हते. मुले पूर्वी जर्मनीतल्या हायडेलबर्गला जात असत, पण तीस वर्षांच्या युद्धात १६२२ साली ते शहर पडले आणि विद्यापीठाची वाताहत झाली. तेव्हापासून वाट वळली ती नेदरलँड्सकडे. लायडन, फ्रानेकर, ग्रोनिंगन, उट्रेख्त आणि सर्वांत धाकटे हार्डरवाइक, ही या मुलांची नवी ठिकाणे झाली.

पाठवणी

आपात्साई यांचा जन्म १६२५ साली ब्राशोवजवळच्या आपात्सा या खेड्यात झाला. कोलोझ्वार (आजचे रुमानियातले क्लुज) आणि द्युलाफेहेरवार येथे त्यांचे शिक्षण झाले. द्युलाफेहेरवारला बिस्टरफेल्ड हे त्यांचे गुरू होते. सगळ्या विद्या एका सूत्रात ओवता येतात आणि ओवल्या पाहिजेत, या विचाराने भारलेल्या जर्मन पंडितांच्या परंपरेतले ते होते. त्यांचे सासरे अल्स्टेड यांनी १६३० साली लॅटिनमधला प्रचंड विश्वकोश प्रसिद्ध केला होता. ज्ञानाची अशी सलग मांडणी असू शकते ही कल्पना आपात्साई घरूनच बरोबर घेऊन गेले. परदेशाने त्यांना ती दिली नाही, परदेशाने तिला खाद्य पुरवले. परदेशी शिक्षणाच्या हिशेबात घरच्या गुरूचा वाटा नेहमी कमी धरला जातो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो.

१६४८ साली बिशप गेलेई काटोना इश्त्वान यांनी त्यांना नेदरलँड्सला पाठवले. बिशपांचा हेतू साधा आणि रास्त होता. मुलगा ईश्वरविज्ञान शिकेल, हिब्रू पक्की करेल, पदवी घेईल आणि परत येऊन कॉलेजात शिकवेल. पण १६४९ च्या अखेरीस बिशप वारले. पाठवणाऱ्या माणसाच्या मनात जे चित्र होते ते त्याच्याबरोबर गेले. कागदावरची मदत पुढच्या माणसाकडे सोपवता येते, पण या मुलाला आपण का निवडले हे एकट्यालाच ठाऊक असते. पुढे जे घडले त्याचे बीज मला इथे दिसते.

शिकणे एका गावी, पदवी दुसऱ्या गावी

नेदरलँड्समध्ये आपात्साई आधी फ्रानेकरला, मग लायडनला आणि मग उट्रेख्तला गेले. आज आपण परदेशी विद्यापीठ म्हणतो तेव्हा एका संस्थेत प्रवेश घेऊन तिथूनच पदवी घेणे गृहीत धरतो. तेव्हा तसे नव्हते. विद्यार्थी प्राध्यापकाच्या मागे जात असे. एखाद्या ठिकाणी नाव नोंदवायचे, काही महिने व्याख्याने ऐकायची, वादसभेत भाग घ्यायचा, आणि दुसऱ्या गावी अधिक भावणारा शिक्षक आहे असे कळले की गाठोडे बांधून तिकडे जायचे. हे शक्य होते याचे कारण सगळीकडे शिकवण्याची भाषा लॅटिन होती. ट्रान्सिल्व्हेनियातल्या शाळेत लॅटिन घोटलेला मुलगा फ्रानेकरच्या वर्गात पहिल्याच दिवशी बसू शके. बाजारात पाव विकत घेताना डच भाषा अडे, पण वर्गात काहीच अडत नसे.

त्या वेळचे उट्रेख्त हे एका मोठ्या वादाने दुभंगलेले विद्यापीठ होते. एका बाजूला कडक शिस्तीचे, अफाट व्यासंगी ईश्वरविज्ञानी व्हूटियस होते. दुसऱ्या बाजूला वैद्यकाचे प्राध्यापक रेगियस, ज्यांनी फ्रेंच विचारवंत देकार्तचे तत्त्वज्ञान वर्गात शिकवायला सुरुवात केली होती. १६४२ साली विद्यापीठाने या नव्या तत्त्वज्ञानाचा अधिकृत निषेध केला होता, तरी वाद विझलेला नव्हता. एखाद्या सामान्य विद्यार्थ्याने यातली एक बाजू निवडली असती. आपात्साईंनी व्हूटियसच्या परंपरेतली धार्मिक कळकळ आणि शाळेविषयीची आस्था घेतली, आणि देकार्त व रेगियस यांच्याकडून निसर्ग समजून घेण्याची पद्धत घेतली. ज्या दोन गोष्टी त्या गावात एकमेकींशी भांडत होत्या त्या त्यांच्या मनात शेजारी शेजारी नांदल्या. परक्या गावातल्या भांडणात आपले कोणी गुंतलेले नसते, त्यामुळे बाहेरच्या विद्यार्थ्याला हे जमू शकते, असे मला वाटते.

ईश्वरविज्ञानाची डॉक्टरेट मात्र त्यांनी १६५१ साली हार्डरवाइकला घेतली. आदिमानवाच्या पतनाविषयीचा त्यांचा प्रबंध तिथे मांडला गेला. हार्डरवाइक हे झाउडरझी या उथळ समुद्राच्या काठचे जुने व्यापारी गाव. तिथल्या शाळेला १६४८ साली, म्हणजे आपात्साई नेदरलँड्सला पोचले त्याच वर्षी, विद्यापीठाचा दर्जा मिळाला होता. संस्था लहान होती, परीक्षेचा खर्च मोठ्या विद्यापीठांपेक्षा बराच कमी होता आणि पदवी मात्र कायद्याने तितकीच खरी होती. पुढे या गावाविषयी एक डच तुकबंदी रूढ झाली : हार्डरवाइक हे सौद्याचे गाव, तिथे धुरी दिलेले मासे, निळी बोरे आणि पदव्या विकायला ठेवलेल्या असतात.

ही थट्टा वाचून त्या पदवीला हलके लेखण्याचा मोह होतो, पण तो टाळला पाहिजे. लायडनचे जगप्रसिद्ध वैद्यक-प्राध्यापक बुरहाव यांनी १६९३ साली आपली वैद्यकाची पदवी हार्डरवाइकलाच घेतली. वनस्पतींचे वर्गीकरण करणारे स्वीडनचे लिनियस १७३५ च्या जूनमध्ये तिथे पोचले आणि साधारण आठवड्याभरात डॉक्टर होऊन बाहेर पडले. या माणसांचे ज्ञान हार्डरवाइकने घडवले नव्हते आणि तसा दावाही कोणी केला नाही. ज्ञान दुसरीकडे कमावलेले होते, हार्डरवाइकने ते तपासून त्यावर शिक्का मारला. शिकणे आणि शिक्का मिळवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन वेगळ्या ठिकाणी होऊ शकतात, हे त्या काळच्या विद्यार्थ्याला स्वच्छ ठाऊक होते. चर्चच्या पैशावर जगणाऱ्या विद्यार्थ्याने स्वस्तातला शिक्का निवडणे यात मला शहाणपणच दिसते. विचारायचा प्रश्न एवढाच, की शिक्क्याच्या मागे काय होते?

उट्रेख्तमधले काम

शिक्क्याच्या मागे जे होते ते पदवीनंतरच्या दोन वर्षांत दिसले. १६५१ साली आपात्साईंनी उट्रेख्तमधल्या आलेटा फान दर माट या तरुणीशी विवाह केला आणि त्याच शहरात राहून ते एका ग्रंथाला भिडले. ‘माग्यार एन्सिक्लोपेदिया’, म्हणजे हंगेरियन विश्वकोश, हे त्याचे नाव. उट्रेख्तचे मुद्रक योहानेस फान वासबर्ख यांनी तो छापला. मुखपृष्ठावर १६५३ हे साल आहे, छपाई पुरी व्हायला १६५५ उजाडले. सगळे खरे आणि उपयोगी ज्ञान नीट क्रमाने लावून हंगेरियन भाषेत जगापुढे ठेवणे, असा त्याचा हेतू मुखपृष्ठावरच सांगितला आहे.

ग्रंथाची अकरा प्रकरणे आहेत. सुरुवात होते ज्ञान कशाला म्हणावे या प्रश्नापासून, आणि तिथे देकार्तचा संशयापासून निश्चयापर्यंतचा प्रवास पहिल्यांदा हंगेरियन भाषेत अवतरतो. मग तर्कशास्त्र, अंकगणित, भूमिती, आकाश, पृथ्वी, माणसाने बनवलेल्या वस्तू, इतिहास, नीती, समाज आणि शेवटी ईश्वरविज्ञान. हा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. चर्चने ईश्वरविज्ञान शिकायला पाठवलेल्या माणसाने तो विषय सर्वांत शेवटी ठेवला, कारण तिथपर्यंत पोचण्याआधी विद्यार्थ्याला मोजता आले पाहिजे, आकाशाकडे पाहता आले पाहिजे आणि विचार कसा करायचा हे कळले पाहिजे, असा त्यांचा विश्वास होता. कोपर्निकसची सूर्यकेंद्री मांडणी हंगेरियन वाचकाला त्याच्या भाषेत पहिल्यांदा भेटली ती याच पुस्तकात.

हे काम किती अवघड होते याची कल्पना मराठी माणसाला सहज यावी आणि तरी पूर्ण येऊ नये, अशी गंमतीची स्थिती आहे. आपल्याकडे पाश्चात्त्य गणित मराठीत आणताना त्रिज्या, व्यास, परीघ, जीवा हे शब्द संस्कृतात तयार होते. हंगेरियन ही युरोपातल्या बहुतेक भाषांच्या गोताबाहेरची भाषा आहे आणि लॅटिन तिची आजी नाही, परकी पाहुणी आहे. लॅटिन शब्दाचा शेवट बदलून तो हंगेरियनमध्ये बसवावा तर तो वाचकाच्या ओळखीचा होत नाही. म्हणून आपात्साईंना कितीतरी संज्ञा रोजच्या बोलीतल्या शब्दांतून घडवाव्या लागल्या, आणि तेही अशा परक्या गावी जिथे आपली भाषा बोलणारी माणसे म्हणजे चार-दोन देशबांधव विद्यार्थी. त्यांच्या संज्ञांपैकी काही टिकल्या, पुष्कळशा टिकल्या नाहीत. पहिल्या घडवणाऱ्याच्या वाट्याला हे यायचेच.

इथे डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची आठवण न होणे अशक्य आहे. त्यांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात १९११ साली डॉक्टरेट मिळवली, परत येऊन ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चे २३ खंड सिद्धीस नेले, आणि परदेशात भेटलेल्या ईडिथ कोह्न यांच्याशी विवाह केला. त्या शीलवतीबाई होऊन पुण्यात राहिल्या. दोघांच्या काळात अडीचशे वर्षांहून अधिक अंतर आहे. पण परक्या भाषेत शिकून आलेल्या माणसाने स्वतःच्या भाषेत विश्वकोश करण्याचा ध्यास घ्यावा, ही ओढ एकाच जातीची आहे.

आपात्साईंच्या प्रकरणातला माझ्या मते मुख्य मुद्दा इथेच आहे. ज्या लॅटिनमुळे परदेशी शिकणे सोपे झाले, त्याच लॅटिनमुळे शिकलेले घरी पोचणे अवघड झाले होते. द्युलाफेहेरवारहून निघालेला विद्यार्थी लॅटिनच्या पुलावरून थेट उट्रेख्तच्या वर्गात उतरे आणि त्याच पुलावरून परत येऊन लॅटिन जाणणाऱ्या दुसऱ्या मूठभरांना शिकवी. पुलाखालून वाहणाऱ्या नदीला, म्हणजे खेड्यातल्या पंतोजीला आणि त्याच्या पोरांना, याचा पत्ताही लागत नसे. कित्येक पिढ्या हे असेच चालले होते आणि कोणाला त्यात काही वावगे वाटले नव्हते. आपात्साईंना ते वाटले. ज्या समाजाला सगळे ज्ञान परक्या भाषेतूनच मिळते तो समाज नेहमीच मागे राहणार, अशा अर्थाची खंत त्यांच्या लेखनात पुन्हा पुन्हा येते.

परत येणे

१६५३ साली नवे बिशप चुलाई यांनी त्यांना परत बोलावले. पत्नीसह ते द्युलाफेहेरवारला आले आणि त्याच वर्षी त्यांनी कॉलेजात ज्ञानाच्या अभ्यासाविषयी आपले पहिले जाहीर भाषण केले. दुसऱ्या वर्षी त्यांनी हंगेरियन भाषेत तर्कशास्त्राची एक छोटी पुस्तिका छापली. मोठा ग्रंथ अजून उट्रेख्तमध्ये यंत्रावरच होता, आणि हा माणूस मुलांच्या हाती देण्यासाठी त्यातला एक विषय वेगळा काढून सोपा करत होता. शिक्षकाचा पिंड असा कामातूनच ओळखू येतो.

पहिली दोन वर्षे बरी गेली. १६५५ साली गुरू बिस्टरफेल्ड वारले आणि कॉलेजातला त्यांचा आधार गेला. त्याच सुमारास आयझॅक बझायर हे अँग्लिकन, म्हणजे बिशपांचा कारभार मानणाऱ्या इंग्लंडच्या चर्चचे, धर्मपंडित तिथे ईश्वरविज्ञानाचे प्राध्यापक झाले. बझायर हे इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सच्या सेवेतले धर्मगुरू होते. त्यांच्या राजाचा १६४९ साली प्युरिटनांच्या, म्हणजे त्या चर्चमध्ये आणखी सुधारणा मागणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंटांच्या, राजवटीत शिरच्छेद झाला होता आणि ते स्वतः निर्वासित होऊन युरोपभर भटकत होते. नेदरलँड्सहून परतलेले तरुण हंगेरियन विद्वान चर्चचा कारभार बिशपांऐवजी मंडळीने निवडलेल्या वडीलजनांकडे असावा असे बोलत आहेत, हे ऐकल्यावर बझायर यांना लंडनचा वधस्तंभ आठवला असल्यास नवल नाही. आज बिशप नको म्हणणारा उद्या राजाही नको म्हणेल, हा तर्क त्यांनी दुसरा ग्यॉर्ग राकोत्सी या राजाच्या मनावर ठसवला.

राजासमोर जाहीर वादसभा झाली. आपात्साईंचे शिष्य मिक्लोश बेथलेन, जे पुढे ट्रान्सिल्व्हेनियाचे चॅन्सेलर झाले, त्यांच्या आत्मचरित्रात या प्रसंगाची आठवण आहे. संतापलेल्या राजाने आपल्या या प्राध्यापकाला मनोऱ्यावरून खाली फेकण्याची धमकी दिली. राजमाता झुझान्ना लोरांत्फी यांची प्युरिटन विचारांच्या लोकांना सहानुभूती होती आणि अशांच्या रदबदलीने जिवावरचे निभावले. पण राजधानीतली जागा गेली.

या प्रसंगाकडे सरळ धर्मवाद म्हणून पाहता येते. मला त्यात आणखी एक गोष्ट दिसते. पाठवताना संस्थेने विद्यार्थ्याच्या प्रवासाचा, राहण्याचा आणि पदवीचा खर्च मोजला होता. तो जिथे जाईल तिथल्या विचारांचा वारा त्याला लागेल आणि तो वारा घेऊनच तो घरी येईल, याचा हिशेब कोणीच केलेला नव्हता. उट्रेख्तमध्ये जी चर्चा प्राध्यापकांच्या वादसभेत रोज चाले, तीच चर्चा द्युलाफेहेरवारला राजद्रोहाच्या जवळ पोचली. विचार तेच होते, जमीन वेगळी होती. आपात्साईंची चूक शोधायचीच असेल तर ती एवढीच, की पाच वर्षांत आपण किती बदललो आहोत आणि घर किती तसेच राहिले आहे, हे त्यांनी वेळीच जोखले नाही. पण ही चूक मी त्यांच्या एकट्याच्या खाती मांडणार नाही. माणूस पाठवणाऱ्या संस्थेने माणूस उतरवून घेण्याचीही तयारी ठेवायला हवी, आणि ती जबाबदारी परत येणाऱ्यापेक्षा मोठी आहे.

कोलोझ्वार

१६५६ साली त्यांची रवानगी कोलोझ्वारच्या शाळेत झाली. १६५५ च्या आगीत ते शहर होरपळले होते आणि शाळाही वाचली नव्हती. राजधानीच्या कॉलेजातून एका जळक्या शाळेत येणे ही शिक्षाच होती. बेथलेन यांच्यासारखे शिष्य मात्र मागोमाग तिथे आले. नोव्हेंबर १६५६ मध्ये तिथे केलेल्या पदग्रहणाच्या भाषणाचा विषय होता शाळांची आत्यंतिक गरज आणि हंगेरियन लोकांत त्या इतक्या मागासलेल्या राहण्याची कारणे.

या भाषणाची कल्पना करून पाहावी. बाहेर आगीने काळवंडलेल्या भिंती, समोर शहरातली प्रतिष्ठित मंडळी आणि विद्यार्थी, आणि नुकताच राजाच्या रोषातून सुटलेला एकतीस वर्षांचा प्राध्यापक. त्याने आभार मानून खाली बसावे अशी अपेक्षा असणार. त्याऐवजी त्यांनी शिक्षणव्यवस्थेचा पंचनामा केला. खेड्यांत शाळाच नाहीत, आहेत तिथे शिक्षकाला पोटापुरते मिळत नाही, लहान मुलाला मातृभाषेत वाचायला शिकवण्याआधीच लॅटिनमध्ये ढकलले जाते, आणि या सगळ्याच्या वर एकही विद्यापीठ नाही, हे त्यांनी भर सभेत सांगितले. भाषण लॅटिनमध्ये होते, कारण ज्यांना ते ऐकवायचे होते त्यांची भाषा तीच होती. हंगेरियन भाषेसाठी लॅटिनमध्ये भांडावे लागले, यात त्यांना स्वतःला काही विसंगत वाटले असेल असे मला वाटत नाही. आपल्याकडेही मराठीची बाजू इंग्रजीतल्या अर्जांतून मांडावी लागलेली आहे.

विश्वकोशाचा त्या काळात फारसा प्रसार झाला नाही आणि शाळांनी तो पाठ्यपुस्तक म्हणून उचलला नाही. परिस्थितीही विपरीत झाली. १६५७ साली राकोत्सीची पोलंडवरची स्वारी फसली, आणि १६५८ साली तुर्क व तातार सैन्याने सूड म्हणून ट्रान्सिल्व्हेनिया उद्ध्वस्त केले. ज्या द्युलाफेहेरवारच्या कॉलेजातून आपात्साईंना घालवले होते ते कॉलेज राजधानीसह जळाले. त्याच वर्षी, सगळीकडे राख असताना, त्यांनी नवा राजा बार्चाई आकोश याच्यापुढे हंगेरियन राष्ट्रासाठी विद्यापीठ कसे उभारावे याची योजना मांडली. जो माणूस स्वतः परदेशी शिक्षणामुळे घडला होता त्याला आपल्यानंतरच्या मुलांवर परदेशी जाण्याची सक्ती नको होती. ज्याला जायचे त्याने जावे, पण केवळ घरी विद्यापीठ नाही म्हणून कोणाला जावे लागू नये, असा त्या योजनेमागचा विचार मी समजतो.

योजनेला पैसा मिळाला नाही, मिळण्यासारखी वेळही नव्हती. ३१ डिसेंबर १६५९ रोजी, चौतीसाव्या वर्षी, आपात्साई कोलोझ्वारला वारले. आलेटाही त्यानंतर लवकरच गेल्या. उट्रेख्तहून जेवढ्या विश्वासाने त्या नवऱ्याबरोबर निघाल्या असतील, त्याच्या बदल्यात त्यांना काय मिळाले याचा विचार मनातून जात नाही. शिष्यवृत्तीच्या कोणत्याही हिशेबात बरोबर आलेल्या माणसाचा रकाना नसतो. दोघांना कोलोझ्वारच्या हाझ्शोंगार्द दफनभूमीत माती मिळाली. आपात्साईंची कबर नेमकी कोणती, ते आज कोणालाही दाखवता येत नाही.

हार्डरवाइकचे छोटे विद्यापीठ १८११ साली नेपोलियनच्या राजवटीत फ्रानेकरबरोबर बंद झाले. हंगेरीत आज शिक्षकांना दिल्या जाणाऱ्या एका सरकारी पुरस्काराला आपात्साईंचे नाव आहे. बुडापेस्टच्या एओत्व्होश लोरांद विद्यापीठाच्या एका सराव-शाळेलाही त्यांचेच नाव आहे, जिथे शिक्षक होऊ पाहणारे तरुण अनुभवी शिक्षकाच्या देखरेखीखाली आपले पहिले पाठ घेतात. कोलोझ्वारला त्यांनी मागितले होते तसे संपूर्ण विद्यापीठ १८७२ साली मिळाले.